भट्टीचा ताव आणि चकतीवरचा आंकडा

विजेची किंवा गॅसची भट्टी, जिला आपण आतां सरसकट ओव्हन म्हणतों, ती गेल्या कांहीं दशकांत आपल्या मध्यम स्थितींतल्या घरांत हळूहळू येऊन बसली आहे. पाककृतीच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें, '१८० अंशांवर पस्तीस मिनिटें'. गृहिणी चकती १८० वर फिरविते, घड्याळ लावते, आणि वेळ भरतांच दार उघडून पाहते तों केक वरून करपलेला व आंतून कच्चा! यावर घरांत जो निवाडा होतो तो बहुधा एकच असतो: "हिच्या हाताला तें जमत नाहीं." पुढच्या खेपेस तीच कृति, तेंच साहित्य आणि तोच परिणाम, मग ती भट्टी फळीवर चढते आणि तिच्यांत पापडांचे डबे राहूं लागतात. चूक हाताची नसून त्या चकतीवरच्या आंकड्याची असूं शकेल, ही शंका फारशी कोणास येत नाहीं. छापलेल्या आंकड्याचा दरारा आपल्या समाजांत मोठा आहे. परंतु हा आंकडा भट्टीवर आला कसा, याची चारशें वर्षांची हकीकत पाहिली म्हणजे त्यास वेदवाक्य मानण्याचें कारण उरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आंकडा नव्हता तेव्हांहि पाव भाजले जात होते आणि ते उत्तम भाजले जात होते, ही गोष्ट आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. विटांच्या जुन्या भट्टींत लांकडें आंतच जाळीत, निखारे ओढून काढीत, आणि तापलेल्या फरशीवर पाव ठेवीत. गोव्यांतील जुन्या पोदेरांच्या भट्ट्या याच जातीच्या. अशा भट्टीचा ताव कळावा कसा? कोणी हात आंत धरून किती आंकडे मोजीपर्यंत सोसतो तें पाही. कोणी फरशीवर चिमूटभर पीठ टाकून तें किती वेळांत तांबूस होतें यावर नजर ठेवी. पीठ लगेच काळें पडलें तर दार उघडें टाकून थांबावयाचें, पांढरेंच राहिलें तर आणखी लांकडें घालावयाचीं. पारीस येथील प्रख्यात पाकशास्त्री झ्यूल गूफे यानें १८६७ सालीं आपला मोठा पाकग्रंथ प्रसिद्ध केला. साहित्याचें वजन आणि शिजण्याचा वेळ यांबाबत तो मोठा काटेकोर मनुष्य होता. परंतु भट्टीच्या तावाची पाळी आली तेव्हां त्याच्याजवळहि कागदाच्या तुकड्यापलीकडे साधन नव्हतें. भट्टींत कागद टाकावा, आणि तो गडद तपकिरी, फिका तपकिरी, गडद पिंवळा कीं फिका पिंवळा होतो तें पाहून कोणता पदार्थ घालावयाचा तें ठरवावें, अशी त्याची रीत. हें वाचून हंसूं नये. कागदाचा रंग बदलणें आणि पावाची पाठ तांबूस होणें हे दोन्ही उष्णतेनें होणारे बदल आहेत, त्यामुळें एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणें अगदीं सयुक्तिक होतें.

आपल्याकडे भट्टी घरांत नव्हती, पण रीत हीच होती. नानकटाई करावयाची तर पातेल्याच्या खालीं निखारे आणि झांकणावर निखारे. वरचे किती, खालचे किती, हें प्रत्येक घरची आजी आपल्या अनुभवानें ठरवी. भाकरीचा तवा तापला कीं नाहीं हें पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहणें हा प्रकार तर अजून चालूच आहे. श्रीमती लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हें पुस्तक १९१० सालीं निघालें तेव्हां आपल्या स्वयंपाकघरांत चूल आणि शेगडी यांचेंच राज्य होतें, आणि तेथें 'मंद' व 'प्रखर' हे दोन शब्द पुरत असत. इंग्रजी पुस्तकांतहि त्या वेळीं मंद, मध्यम आणि कडक भट्टी असेच शब्द होते. बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनीं १८९६ च्या आपल्या पुस्तकांत सपाट भरलेल्या पेल्याचें व चमच्याचें माप रूढ केलें. जें काम आपल्याकडे श्रीमती कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापानें केलें. साहित्य असें मोजलें गेलें, पण ताव कित्येक वर्षें मोजल्यावांचूनच राहिला.

ताव मोजण्याचा पहिला मोठा उद्योग स्वयंपाकासाठीं झालाच नाहीं. तो झाला चिनी मातीच्या भांड्यांसाठीं. इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांत जोसाया वेजवुड (१७३०–१७९५) नांवाचा कुंभार होऊन गेला. कुंभार म्हटलें तरी त्याचा कारखाना मोठा, ग्राहक राजेरजवाडे, आणि स्वभाव शास्त्रज्ञाचा. त्याची अडचण आजच्या गृहिणीसारखीच होती. एका खेपेस भांडीं सुरेख निघत, दुसऱ्या खेपेस त्याच मातीचीं, त्याच लुकणाचीं भांडीं बिघडत. पाऱ्याचा थर्मामीटर तेथें उपयोगी नाहीं, कारण पारा ३५७ अंश सेल्सिअसला स्वतःच उकळूं लागतो, आणि कुंभाराची भट्टी त्याच्या कितीतरी पुढें जाते. वेजवुडनें असें पाहिलें कीं माती भाजली म्हणजे आकसते आणि ताव जितका जास्त तितकी अधिक आकसते. त्यानें मातीचे सारख्या आकाराचे लहान तुकडे केले, ते भट्टींत ठेवले, आणि निवल्यावर एका निमुळत्या होत गेलेल्या पितळी खांचेंत सरकविले. तुकडा जितका आंत जाईल तितका ताव मोठा. ही युक्ति त्यानें १७८२ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडली आणि पुढच्याच वर्षीं तो त्या संस्थेचा सभासद निवडला गेला.

येथवर सर्व ठीक. परंतु वेजवुडला आपल्या मापाचे अंश फॅरनहाइटच्या अंशांत सांगावयाचे होते. मधल्या टप्प्यावर तुलनेस कांहींतरी हवें म्हणून त्यानें चांदीच्या तुकड्याचें प्रसरण घेतलें. उकळत्या पाण्यापर्यंत चांदी ज्या प्रमाणांत वाढते त्याच प्रमाणांत पुढेंहि वाढत जाईल, आणि मातीहि त्याच हिशेबानें आकसत जाईल, असें धरून त्यानें ठरविलें कीं आपलें शून्य म्हणजे फॅरनहाइटचे १०७७॥ अंश, आणि आपला एक अंश म्हणजे त्याचे १३० अंश. या त्रैराशिकानें बिडाचा रस होण्याचा ताव निघाला १७,९७७ अंश फॅरनहाइट! खरा आंकडा सुमारें २,१०० ते २,२०० च्या दरम्यान आहे. चांदीचा वितळबिंदु त्याच्या हिशेबानें ४,७१७ आला, जो वस्तुतः १,७६३ आहे. त्याहून मौज अशी कीं त्याच्या कोष्टकांत तांबें २७ अंशांवर आणि चांदी २८ अंशांवर वितळते, म्हणजे तांब्याला चांदीहून कमी ताव लागतो. प्रत्यक्षांत क्रम नेमका उलट आहे. तरीहि हे आंकडे बरींच वर्षें ग्रंथांतून छापले जात होते.

या गोष्टीचा आमच्या विषयाशीं संबंध असा कीं वेजवुडच्या भट्ट्या त्याच्या मापानें उत्तम चालत होत्या. अमुक अंशाला अमुक लुकण चांगलें बसतें एवढें त्याला कळलें कीं काम भागे. तो अंश खरा कीं खोटा याची भांड्यांना पर्वा नव्हती. चूक तेव्हांच बाधे, जेव्हां तो आंकडा दुसऱ्याच्या भट्टीसाठीं उसना दिला जाई. एका भट्टीचा आंकडा दुसरीस लागूं करणें हेंच तर पाककृतीचें छापील पुस्तक करीत असतें. वेजवुडचा आंकडा चुकीचा आहे हें सांगणार तरी कोण? त्याला तपासण्यास दुसरें माप नव्हतें. जॉन फ्रेडरिक डॅनिएलनें १८२१ सालीं प्लॅटिनमच्या दांडीच्या प्रसरणावर चालणारें माप तयार केलें, इतरांनींहि निराळ्या वाटांनीं प्रयत्न केले, आणि या निरनिराळ्या मापांचें एकमेकांशीं जमूं लागलें पण वेजवुडशीं जमेना, तेव्हां त्याचें माप मागें पडलें.

मोजणें ही एक गोष्ट, आणि ताव मोजल्या ठिकाणीं टिकवून धरणें ही दुसरी. नवल असें कीं दुसरी गोष्ट पहिलीच्याहि आधीं साधली. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या पदरीं असलेला कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) हा हॉलंडचा कारागीर. याचें नांव थेम्स नदींत चालविलेल्या पाणबुडीसाठीं प्रसिद्ध आहे. त्यानें भट्टींत मद्यार्काचें भांडें ठेवून त्याच्या प्रसरणानें पारा वर चढेल आणि वाऱ्याची वाट आपोआप झांकली जाईल अशी योजना केली. आंच वाढली कीं वारा कमी, वारा कमी झाला कीं आंच कमी. ही भट्टी अंडीं उबविण्यासहि वापरीत. अंड्यांनींच पुढेंहि हा शोध हलता ठेवला. फ्रान्सांतील बोन्नमें या गृहस्थानें १७८३ च्या सुमारास कोंबडीचीं पिलें काढण्यासाठीं एक यंत्र केलें. त्यांत एका धातूच्या नळींत दुसऱ्या धातूची दांडी बसविली होती. उष्णतेनें नळी दांडीपेक्षां अधिक लांबे, आणि त्या फरकानें वाऱ्याचें दार हले. 'थर्मोस्टॅट' हा शब्द मात्र त्याचा नव्हे. तो स्कॉटलंडच्या अँड्र्यू युरनें १८३० सालीं आपल्या पेटंटसाठीं योजिला, आणि तो गिरण्यांकरितां होता. कोंबड्या आणि गिरण्या यांची व्यवस्था झाल्यावर सुमारें नव्वद वर्षांनीं गृहिणीचा नंबर लागला, एवढें नमूद करून पुढें जाऊं.

मध्यंतरीं काउंट रम्फर्ड यांची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बव्हेरियाच्या सेवेंत असलेला हा अमेरिकन पंडित चुली सुधारण्याच्या ध्यासानें पछाडलेला होता. बटाटे वाळविण्यासाठीं केलेल्या आपल्या मंद भट्टींत मांस भाजतां येईल काय हें पाहण्यासाठीं त्यानें मेंढीच्या खांद्याचा तुकडा आंत ठेवला, तीन तास वाट पाहिली, कांहींच चिन्ह दिसेना तेव्हां त्रासून घरीं निघून गेला आणि तो तुकडा स्वयंपाकाच्या मोलकरणींच्या हवालीं केला. त्या मोलकरणींनीं तो रात्रभर तेथेंच राहूं दिला. सकाळीं पाहतात तों मांस उत्तम शिजलेलें, रसदार आणि मऊ! कमी तावांत पुष्कळ वेळ ठेवल्यानें मांस शिजतें, हा आज मोठमोठ्या उपाहारगृहांत मिरविला जाणारा नियम असा हातीं आला. रम्फर्डनें ही हकीकत मोकळेपणानें लिहून ठेविली आहे, हें त्याच्या प्रामाणिकपणास शोभतें. मोलकरणींचीं नांवें मात्र लिहिलीं नाहींत.

घरगुती भट्टीवर आंकडा बसला तो पहिल्या महायुद्धाच्या आगेंमागें. अमेरिकेंत 'लोरेन' नांवाचा नियंत्रक आला, आणि इंग्लंडांत १९२३ सालीं रेडिएशन कंपनीनें 'न्यू वर्ल्ड' या गॅसच्या चुलीस 'रेग्युलो' नांवाचें यंत्र जोडलें. त्याची रचना पाहिली तर बोन्नमेंची नळी आणि दांडीच. फक्त नळी पितळेची आणि दांडी इन्व्हारची. इन्व्हार म्हणजे लोखंड व निकेल यांचा तो मिश्रधातु, जो उष्णतेनें जवळजवळ वाढतच नाहीं. शार्ल एद्वार गियोमनें तो १८९६ सालीं शोधिला आणि त्याच कामासाठीं १९२० चें नोबेल पारितोषिक मिळविलें. पितळ लांबतें, इन्व्हार लांबत नाहीं, आणि त्या फरकानें गॅसची वाट आंकुंचित होते. रेग्युलोच्या चकतीवर अंश नव्हते, नुसते अनुक्रमांक होते. तेच पुढें 'गॅस मार्क' म्हणून रूढ झाले: एक म्हणजे २७५ अंश फॅरनहाइट, आणि पुढें प्रत्येकास २५ अंश, म्हणजे चार म्हणजे ३५०. ब्रिटिश पाककृतींत ते अजून दिसतात.

या यंत्राचा खप एवढा कां झाला? महायुद्धानंतर इंग्लंडांतल्या मध्यमवर्गास घरकामास मोलकरणी मिळेनाशा झाल्या होत्या, आणि भट्टीजवळ उभें राहण्याचें काम आतां घरच्या बाईवर आलें होतें. पदार्थ आंत ठेवून, आंकडा लावून बाजारांत निघून जावें, अशी लालूच जाहिरातदार तिला दाखवीत. सुख खरेंच मिळालें. पण एक गोष्ट तिच्या हातून गेली. कागद आणि पीठ टाकून पाहणारी बाई भट्टीची परीक्षा घेत होती. आंकडा लावणारी बाई ती परीक्षा झालीच आहे असें धरून चालली. पदार्थ बिघडला तर पूर्वीं भट्टी दोषी ठरे, आतां बाई दोषी ठरूं लागली. ह्या बदलाची नोंद पाकशास्त्राच्या इतिहासांत जितकी व्हावी तितकी झालेली आम्हांस दिसली नाहीं.

आजच्या भट्टीच्या पोटांत काय असतें तें थोडक्यांत पाहूं. लहान, स्वस्त भट्टींत बहुधा एक पातळ नळी व तिच्या टोंकाशीं द्रवानें भरलेली कांडी असते. द्रव प्रसरण पावला कीं चकतीमागील लवचिक डबी फुगते आणि विजेचा प्रवाह तोडते. ड्रेबेलचा मद्यार्कच हा. ही कांडी आपल्या चिमट्यांतून निसटून भिंतीस टेंकली, तर ती हवेचा ताव न मोजतां भिंतीचा मोजते. द्रव गळून गेला, तर साध्या प्रकारांत प्रवाह तुटतच नाहीं आणि भट्टी बेफाम तापते. अशी भट्टी तत्काळ बंद करावी. नव्या, महाग भट्टींत प्लॅटिनमचा कण असतो. प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत्‌-अवरोध तापमानाबरोबर ठराविक रीतीनें वाढतो, हें कॅलेंडरनें १८८७ सालीं नीट सिद्ध केलें. शून्य अंशाला हजार ओहम असलेला असा कण १८० अंश सेल्सिअसला सुमारें १,६८५ ओहम दाखवितो. त्याच्या जोडणीस गंज चढून चाळीस ओहम फुकटचे मिळाले, तर यंत्रास भट्टी दहा-अकरा अंशांनीं अधिक तापली आहे असें वाटतें आणि ती थंडच राहते.

यंत्र निर्दोष असलें तरीहि आंकडा हा सरासरीचा आंकडा असतो. तार पेटते, ताव वर जातो. तार विझते, ताव खालीं येतो. दहा-पंधरा अंशांची ही ये-जा चालूच असते. भट्टी तयार झाल्याचा दिवा लागतो तेव्हां बहुधा आंतली हवाच तापलेली असते, भिंती तापावयाच्या असतात. आणखी पंधरा-वीस मिनिटें थांबावें. विजेचा दाब दहा टक्क्यांनीं उतरला तर तारेची शक्ति दहा नव्हे, जवळजवळ एकोणीस टक्क्यांनीं उतरते, म्हणून उन्हाळ्याच्या संध्याकाळीं भट्टी रेंगाळते. आणि वरून करपलेला, आंतून कच्चा केक? केकच्या गाभ्यांत पाणी आहे तोंवर तो शंभर अंशांच्या वर जात नाहीं, आणि ऊब आंत सावकाशच शिरते. पृष्ठभाग मात्र भट्टीच्या तावाप्रमाणें भराभर लाल होतो. म्हणून असा केक म्हणजे भट्टी आंकड्यापेक्षां अधिक तापत असल्याची जवळजवळ कबुलीच होय. निदान टिन वरच्या तारेच्या फार जवळ असल्याची तरी.

मग गृहिणीनें करावें काय? ओव्हनमध्यें ठेवण्याचा निराळा थर्मामीटर बाजारांत मिळतो, तो आणावा. पण वेजवुडची अडचण येथेंहि उभी राहते: या थर्मामीटरला कोण तपासणार? ज्याची सुई पाण्यांत बुडवितां येते तो उकळत्या पाण्यांत धरावा. मात्र मुंबईस शंभर अंश दाखविणारा थर्मामीटर पुण्यास ९८ आणि महाबळेश्वरास साडेपंचाण्णवच्या आसपास दाखवील, आणि तो त्याचा दोष नव्हे, उंचीचा आहे. एक साधी युक्ति साखरेची आहे. साखर सुमारें १८६ अंश सेल्सिअसला वितळूं लागते, असें सामान्यतः मानतात. चमचाभर साखर लहान ताटलींत घालून भट्टी १७५ वर नीट तापवून पंधरा मिनिटें ठेवावी. ती वितळतां कामा नये. दुसऱ्या ताटलींत ताजी साखर घेऊन १९० वर तसेंच करावें; ती वितळली पाहिजे. पहिल्याच खेपेस वितळली तर भट्टी कडक, दुसऱ्या खेपेसहि कोरडी राहिली तर मंद. साखर पुष्कळ वेळ ठेवली तर कमी तावांतहि विरघळते व तांबूस होते, म्हणून वेळ पाळावा. गूफेच्या कागदाची ही धाकटी बहीणच.

थर्मामीटर असेल तर मधल्या जाळीवर मध्यभागीं ठेवून, चकती १८० वर लावून, अर्ध्या तासानंतर दर दहा मिनिटांनीं पांच-सहा वेळां आंकडा टिपावा आणि सरासरी काढावी. दार उघडून पाहूं नये, कांचेंतूनच वाचावा. फरक दरवेळीं सारखाच, म्हणजे नेहमीं वीस अंश अधिक किंवा वीस अंश उणा, असेल तर भट्टी बिघडलेली नाहीं, तिची भाषा निराळी आहे. कांहीं भट्ट्यांच्या चकतीखालीं हा फरक काढण्याचा स्क्रू असतो, नव्यांत तो आंकडा यंत्रास सांगून ठेवतां येतो, आणि दोन्ही नसेल तर मनांतच वजाबाकी करावी. फरक आज वीस, उद्यां पन्नास असा भरकटत असेल तर दोष कांडींत, जोडणींत किंवा दाराच्या रबरी पट्टींत आहे. पट्टी घरीं पाहतां येते; दारांत कागदाची पट्टी धरून दार लावावें आणि ती ओढावी, विनासायास सुटून आली तर तेथून ऊब जात आहे. बाकीचें काम प्लग काढून जाणत्या कारागिराकडे द्यावें. जो फरक निघेल तो एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून भट्टीच्या बाजूस चिकटवावा, म्हणजे दुसऱ्या कोणास भट्टी लावावी लागली तर तिला पहिल्यापासून केक जाळीत बसावें लागणार नाहीं. सहा-आठ महिन्यांनीं तीच परीक्षा पुन्हां घेऊन जुन्या आंकड्याखालीं नवा लिहावा.